डोंगराळ जंगलात धनुष्यानं वयस्क व्हाइटटेल: वारा, मचाण आणि उतारावरचा बाण

घळीतला

आग्नेय ओहायोचा डोंगराळ भाग. ओक-हिकरीचं जंगल, तळापासून माथ्यापर्यंत साधारण ३०० फुटांचा चढ. कंपाउंड बो (चाकांचं आधुनिक धनुष्य), दोरीची ओढ ६० पाउंड. साडेचार वर्षांपुढचा व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण) नर हवा आहे.

मचाण तळाला लावलंय. तिथे तीन घळी एकत्र येऊन ओढ्याला मिळतात आणि खुरांचे माग सगळ्यात जास्त तिथेच दिसतात. मोठा नर कॅमेऱ्यात येतो, पण रात्री एक-दोनला. उजेडात येतात त्या माद्या आणि कोवळे नर, आणि तेही २० यार्डांच्या आत यायच्या आधी फुसकारून, शेपटी उभारून पळतात. ॲपवर वारा बरोबर असतो तरीही. सपाट शेताच्या बांधावर हेच गणित नीट चालतं, मग डोंगरात काय चुकतंय? आणि वरून खाली बाण सोडताना नेम किती खाली धरायचा?

(भारतातल्या वाचकांसाठी: १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तिकडे हे बेकायदा आहे. धागा अमेरिकेतल्या परवाना-हंगामापुरता.)

---

रुईची_म्हातारी

आधी मचाण तिथून हलवा. तीन घळी मिळतात तिथे हवेचं डबकं होतं. माथ्यावरून आलेला वारा उतारांवर आपटत खाली पोचतो आणि तळाशी गरगरत राहतो. ॲप दाखवतं तो वारा डोंगराच्या वरचा, तुमच्या घळीतला नाही. माग भरपूर आहेत हे खरं, पण ते रात्रीचे. रात्री थंड हवा तिन्ही घळींतून उतरून तिथे जमते, त्यामुळे नराला एका जागी उभं राहून तिन्ही घळींची खबर मिळते. म्हणून तर तो तिथे येतो.

डोंगरात दोन वारे असतात. एक नेहमीचा आणि दुसरा उताराचा. ऊन लागलं की उताराला चिकटलेली हवा तापून वर सरकते. सावली पडली की ती थंड होऊन पाण्यासारखी खाली वाहते, तेही ओहोळांच्याच वाटेनं. हे बहुतेकांना माहीत असतं, चूक होते ती वेळेत. पालट सूर्योदय-सूर्यास्ताला होत नाही, त्या विशिष्ट उतारावर ऊन कधी येतं आणि कधी जातं त्यावर होतो. पूर्वेचा उतार सकाळी लवकर तापतो, पण दुपारी बराच लवकर सावलीत जातो. नोव्हेंबरच्या मध्यात तुमच्याकडे सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास. म्हणजे ज्या शेवटच्या तासा-दीड तासावर सगळ्यांची भिस्त असते, त्या वेळी पूर्व उतारावर तुमचा वास आधीच खाली निघालेला असतो. पश्चिम उतारावर उलट: सकाळी उशिरापर्यंत हवा उतरतीच राहते. पालटाच्या मधली वीस-तीस मिनिटं कुठेच भरवशाची नाहीत. ढगाळ दिवशी चढती हवा लंगडी, आणि जोराचा वारा असला तर माथ्याजवळ तोच राज्य करतो.

आता नर कुठे बसतो ते. वायव्येचा वारा धरला तर आग्नेयेकडच्या उतारावर, मुख्य दांडापासून सुटणाऱ्या सोंडेवर, वरच्या एक-तृतीयांश पट्ट्यात. पाठीमागून दांड ओलांडून येणारा वारा, पुढून चढती हवा आणि खालचा सगळा उतार नजरेत. दोन्ही हवा जिथे भिडतात त्याच उंचीनं उताराला आडवी जाणारी एक बारीक वाट सापडते. ती तळाच्या वाटेइतकी तुडवलेली नसते, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. १:२४,००० चा समोच्च (समान उंचीच्या रेषांचा) नकाशा घ्या आणि तीन गोष्टी शोधा: उतारावर रेषा अचानक एकमेकींपासून दूर होतात तो टप्पा, दांडावरची खिंड, आणि खोल घळीचं डोकं. लायडारची (विमानातून लेसरनं जमिनीचा उंचसखलपणा मोजून केलेली) चित्रं मिळाली तर जुन्या लाकूडतोडीच्या वाटाही दिसतात, ज्या नकाशात नसतात.

खिंडीबद्दल एक सावधगिरी. कोवळे नर आणि माद्या खिंडीच्या मधोमध जातात. वयस्क नर बहुधा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूनं, २०-३० यार्ड खालून वळसा घेतो. त्यामुळे माझी पहिली पसंती घळीच्या डोक्याला. घळ इतकी उभी असते की तिच्यात उतरण्यापेक्षा वरून वळसा घालणं हरणाला सोपं, आणि सगळ्या आडव्या वाटा तिथे चिमटीत आल्यासारख्या जवळ येतात.

वारा तपासायला पावडरची बाटली पुरत नाही, ती पहिल्या दहा फुटांचंच सांगते. मिल्कवीडच्या शेंगांतला कापूस ठेवा. रुईच्याच कुळातलं झाड आहे, लहानपणी जिला म्हातारी म्हणायचो तीच. एकेक तंतू सोडून पार शंभर यार्डांपर्यंत बघा. बरेचदा ती आधी खाली जाते, घळीवर पोचली की उचलली जाते आणि भलतीकडून परत येते. हंगामाआधी तेच झाड सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीनदा तपासा.

---

भाता

वाऱ्याचं वर आलंच आहे, मी बाणाचं आणि मचाणाच्या उंचीचं सांगतो. दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत.

उतार ३० टक्के धरा, म्हणजे १०० फुटांना ३० फूट चढ. मचाण २० फुटांवर. वरच्या बाजूला १५ यार्डांवर (४५ फूट) जमीन साडेतेरा फूट वर आलेली असते. तिथल्या हरणापेक्षा तुम्ही जेमतेम साडेसहा फूट उंच, म्हणजे जवळजवळ त्याच्या डोळ्यांसमोर. खालच्या बाजूला २० यार्डांवर जमीन १८ फूट खाली, म्हणजे तुम्ही ३८ फूट वर आणि कोन ३२ अंशांच्या आसपास. ‘२० फूट उंच मचाण’ या वाक्याला डोंगरात काही अर्थ नाही. हरीण खालून जाणार असेल तर १२-१५ फूट पुरे. वरून जाणार असेल तर उंचीच्या मागे लागू नका, पाठीशी जाड बुंधा आणि फांद्या बघा.

नेमाचं: गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरावर काम करतं. तिरकं अंतर ३० यार्ड आणि कोन ३० अंश असेल तर २६ यार्डांचा नेम. वर मारताना आणि खाली मारताना, दोन्हीकडे कमीच धरायचं. कोन मोजणारा रेंजफाइंडर (अंतरमापक) हा हिशेब स्वतः करतो. पण खरं सांगायचं तर लोक याची नको इतकी काळजी करतात. वरच्या उदाहरणात तिरकं अंतर २४ यार्ड आणि आडवं २०. फरक दोन-एक इंचांचा. बाण चुकतो तो दुसऱ्या कारणांनी.

पहिलं, हात खाली झुकवून नेम धरणं. त्यानं धड आणि बाणाचा काटकोन मोडतो, ओढीची लांबी बदलते आणि पीप (दोरीत बसवलेलं नेमाचं भोक) डोळ्यासमोरून सरकतो. आधी सरळ समोर पूर्ण ओढा, मग कमरेतून वाका. सराव जमिनीवरून करून उपयोग नाही, हार्नेस (झाडाला बांधणारा सुरक्षा-पट्टा) घालून मचाणावरूनच करा.

दुसरं, बो तिरका होणं. आडव्या उतारावर डोळ्याला क्षितिज फसवतं आणि बो नकळत कलतो. बाण डावी-उजवीकडे जातो. साइटवरचा (बोवरच्या नेम-यंत्रावरचा) पातळी दाखवणारा बुडबुडा बघायची सवय लावा. शिवाय साइटचा तिसरा अक्ष तपासा: ओळंबा टांगा, बो त्याच्याशी जुळवून धरा आणि तसाच ४५ अंश खाली, मग वर झुकवा. बुडबुडा मधून सरकला तर तिसऱ्या अक्षाचा स्क्रू फिरवायला हवा. हे सपाट मैदानावर कधीच लक्षात येत नाही.

तिसरं सगळ्यात महाग पडतं. कोन जितका उभा, तितकं दोन्ही फुप्फुसं एका बाणात सापडणं अवघड. एका फुप्फुसावरचं हरीण डोंगर ओलांडून जाऊ शकतं. बाण कुठे शिरतो यापेक्षा कुठून बाहेर पडेल ते ठरवा: पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या भागातून. हरीण अगदी मचाणाखाली असेल तर थांबा, दहा-पंधरा यार्ड पुढे जाऊ द्या, थोडं पाठमोरं तिरकं होऊ द्या.

आणि सावध हरणावर लांबून सोडू नका. बाणाचा वेग सेकंदाला २८० फूट धरला तर ३० यार्डांना ०.३२ सेकंद लागतात, दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात पोचतो. मधल्या पाव सेकंदात ते पळायच्या तयारीनं खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो.

हार्नेस जमिनीवर असतानाच जोडा. चढताना लाइफलाइन (झाडाला वरून खालपर्यंत बांधलेला सुरक्षा-दोर) हवी. बो आणि भाता दोरीनं मागून ओढून घ्यायचे. उतारावर पडलेला माणूस पडतो आणि मग गडगडतोही.

---

ओढ्याकाठी

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण मचाणापेक्षा जास्त शिकारी जाण्या-येण्याच्या वाटेत बिघडतात.

अंधारात हवा उतरती असते, म्हणून दांडावरून चालत गेलात तर तुमचा वास दोन्ही उतारांवर ओतला जातो. तळाकडून, शक्यतो ओढ्याच्या पाण्यातून गेलं तर वास खालीच राहतो आणि पाण्याच्या आवाजात पावलं बुडतात. मात्र शेतं तळाला असतील तर हाच नियम उलटा पडतो: पहाटे हरणं तिथेच चरत असतात. तेव्हा लांबचा वळसा घ्या, नाहीतर सकाळ सोडून द्या.

बाण लागल्यावर घाई नको. बाण हातात घेऊन बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस: अर्धा तास. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत: किमान चार तास. हिरवट आणि वास येणारं म्हणजे पोट: आठ ते बारा तास, पाऊस येणार असला तरी. जखमी हरीण खालीच जातं असं धरून चालू नका. शेवटच्या थेंबाजवळ खूण लावून मगच पुढे.

मोठा नर जिवंत असताना ९० किलोंच्या घरात जातो. घळीतून सरळ वर ओढायचा विचारही करू नका. आतडी काढून समोच्च रेषेनं आडवं ओढत जुन्या लाकूडवाटेपर्यंत न्या. तेही शक्य नसेल तर टॅग (परवान्याची चिठ्ठी) भरून, राज्याचे नियम पाहून तिथेच चार भाग करून पाठीवरून आणा.

---

घळीतला

नकाशावर वायव्य वाऱ्याला साजेशी एक सोंड दिसते आणि तिच्या शेजारी घळीचं डोकंही आहे. शेतं माथ्यावर आहेत. मचाण आडव्या वाटेच्या वर लावू की खाली?

---

रुईची_म्हातारी

ऊन चढल्यापासून दुपारपर्यंत बसायचं असेल तर वाटेच्या वर, कारण चढती हवा वास उचलून वाटेपासून दूर नेते. नऊ-साडेनऊनंतर जाऊन बसलात तरी चालतं. माजाच्या दिवसांत नर दुपारीही आडव्या वाटेनं माद्या शोधत फिरतात. संध्याकाळसाठी ते झाड वापरू नका. हवा उतरू लागली की वास थेट वाटेवर येतो. त्यासाठी वाटेच्या खाली दुसरं झाड हवं. शेतं माथ्यावर आहेत म्हणजे संध्याकाळी हरणं वर चढणार, त्यामुळे तेव्हा तळाकडून या आणि तळाकडूनच परत जा. पहाटे मात्र ती शेतातून खाली येत असतात, तेव्हा दांडावर पाऊल नको. पूर्वेचा उतार असेल तर दुपारी तीनच्या आत वरच्या झाडावरून उतरलेलं बरं. नक्की वेळ म्हातारी सांगेल.