पांढऱ्या तुरीत लाल दाणे, आणि निवडलेल्या झाडांचं बी पेरूनही उतारा तेवढाच?

गेवराईकर: तुरीचा बीडीएन ७११ वाण आहे, पांढरा. गेल्या साली शेंगांनी लगडलेल्या झाडांना चिंध्या बांधल्या, त्यांचं बी वेगळं बडवून यंदा पेरलं. उतारा (उत्पादन) शेजारच्या तासांइतकाच (ओळींइतकाच). वर काही झाडांना लाल दाणे! पेरताना बी स्वच्छ पांढरं होतं, घरी बसून निवडलेलं. बांधापलीकडं भावकीची लाल तूर, बीएसएमआर ७३६ आहे. अशी निवड करण्यात अर्थ आहे का?

माळावरची ताई: चिंध्या कुठल्या झाडांना बांधल्या होत्या, दादा?

गेवराईकर: बहुतेक बांधाकडच्या. काही उगवण विरळ झाली तिथल्या.

कडधान्य पैदासकार (निवृत्त): मग त्या शेंगा जागेनं दिल्या होत्या. तुरीला मोकळीक मिळाली की फांद्या फुटतात, शेंगा वाढतात. ते बियातून पुढं उतरत नाही. शिवाय एकाच वाणाच्या झाडांत आनुवंशिक फरक मुळात थोडा, म्हणून निवडीला वाव कमी. शंभर दाण्यांचं वजन त्यामानाने पुढच्या पिढीत टिकतं. शेंगांची संख्या आणि उतारा जमीन, ओल, अंतर यांनी फार हलतात.

लाल दाण्यांचं म्हणाल तर मधमाशीनं ७३६ चा पराग आणलाय. दाण्याची साल आईच्या झाडाची असते, त्यामुळे संकर झालेला दाणाही गेल्या साली पांढराच दिसला. तो उगवला, तेव्हा त्या झाडाला लाल दाणे आले, कारण लाल रंग पांढऱ्यावर प्रभावी. डाळीला खुशाल वापरा, बियाण्यात मात्र मिसळू नका.

निवड सोडू नका. रानाच्या मधली, सारख्या अंतरावरची झाडं घ्या. प्रत्येकाचं बी वेगळ्या तासात पेरा आणि झाडं सोडून तासं जोखा. दोन-तीन हंगाम एखादं तास सरस राहिलं, तर ते खरं.

गेवराईकर: आणि मधमाशीचं काय करायचं?

माळावरची ताई: प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या तुरीपासून किमान १०० मीटर अंतर लागतं. माझं रान अरुंद, मी कळ्या उमलायच्या आधी फांदीला मलमलची पिशवी बांधते. तूर स्वतःच्या परागावरही शेंग धरते. शेंगा दिसल्या की पिशवी काढून त्या फांदीला दोरा बांधायचा, काढणीला तेवढ्याच शेंगा वेगळ्या तोडायच्या. बांधण्याआधी आत घाटेअळी (शेंगा पोखरणारी अळी) नाही ना, एवढं बघा.