नाशिकच्या कॉलेजांना पश्चिमेकडे काच कशाला?

गोदाकाठचा: एप्रिलात दुपारी चारला गंगापूर रोडच्या बाजूच्या एखाद्या नव्या कॉलेजात डोकावा. पश्चिमेला अख्खी काच, आत पडदे ओढलेले, दिवे चालू, एसी घरघरतोय. उजेडासाठी काच लावायची आणि पडदा ओढून ट्यूब पेटवायची! जयपूरच्या पर्ल अकादमी या डिझाइन कॉलेजने इमारतीभोवती नक्षीदार जाळीचं दुसरं आवरण घातलं, खाली पायऱ्यांच्या विहिरीसारखं पाणी ठेवलं. जैसलमेरची राजकुमारी रत्नावती शाळाही अशाच जाळीच्या आणि आतल्या मोकळ्या चौकाच्या जोरावर उभी आहे. आपण निदान पश्चिमेला जिने, संडास, स्टोअर टाकू. वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिण.

निफाडचे मास्तर: जैसलमेर राहू द्या हो. मे महिन्यात आमची शाळाच बंद. उन्हं वाढली की सकाळची शाळा, ऊन चढायच्या आत पोरं घरी. उलट निफाडच्या थंडीत पोरं उन्हाचा तुकडा शोधून बसतात. तिथे जाळीचा वारा? आणि पावसाळ्यात तिरपी सर आली की वह्यांचा लगदा.

गोदाकाठचा: मास्तर, थंडीसाठी तर दक्षिणेची खिडकी हवी. डिसेंबरात भरदुपारी सूर्य दक्षिणेला ४६-४७ अंशांवरच असतो, छज्ज्याखालून ऊन आत येतं. मे महिन्यात तो डोक्यावर, छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं, तिथे छज्ज्याचं काही चालत नाही.

साइटवरचा: दोघंही भिंतींवर भांडताय. बैठ्या शाळेत ऊन सगळ्यात जास्त छपरावर पडतं. स्लॅबवर चायना मोझॅक, म्हणजे ऊन परतवणारे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे घाला, तेवढे पैसे नसतील तर दरवर्षी चुन्याचा हात मारा. पत्रा असेल तर खाली सीलिंग हवंच. आता ‘जुने वाडे जाड भिंतींमुळे गार असायचे’ म्हणणाऱ्यांसाठी. जाड दगडी भिंत दिवसभर ऊन पिते, ती रात्रीच्या गार वाऱ्याने निवावी लागते. वाड्यात माणसं राहायची, खिडक्या उघड्या ठेवायची. शाळेला संध्याकाळी कुलूप! रात्रभर खिडक्या बंद, सकाळी भिंत कोमटच. रात्री उघडणार कोण, वॉचमन?

गोदाकाठचा: कुणीच नाही. छताखाली गज आणि बारीक जाळीचे झरोके, वर छज्जा. कायम उघडे. चोर नाही, कबूतर नाही.

निफाडचे मास्तर: हे पटलं. थंडीत मात्र झडपा लागतील, त्यांचा खर्च धरा. आणि आधी चुना, तो ग्रामपंचायतीकडून तरी सुटेल.

संस्थाचालक: बोलणं सोपं आहे. पालक इमारत बघून फी भरतात. दगड-चुना दाखवला तर पलीकडच्या कॉलेजात जातात. वीजबिल आम्ही भरतो ना?

साइटवरचा: बिल फीमध्येच येतं, साहेब. काच हवीच तर उत्तरेला लावा, फोटो तिकडूनही येतो.