फुप्फुसाच्या गाठीतल्या टी पेशी पाहून इम्युनोथेरपीचा अंदाज बांधावा का?

मूळ धागा
फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी ठरवताना बायोप्सी रिपोर्टात मुख्यतः पीडी-एल१ (टी पेशींना ब्रेक लावणारं प्रथिन) किती टक्के कॅन्सर पेशींवर आहे ते बघतात. मला हे अपुरं वाटतं. ही औषधं गाठीला स्वतः मारत नाहीत, टी पेशींना (शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या लढाऊ पांढऱ्या पेशींना) लागलेला ब्रेक काढतात. मग मुळात आत टी पेशी आहेत का, की कडेलाच अडकल्यात, हे नको बघायला? २०१६ च्या कीनोट-०२४ चाचणीत पीडी-एल१ किमान ५०% असलेलेच रुग्ण होते, तरी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने गाठ लक्षणीय आकसली ती निम्म्याहून कमी जणांची.

प्रतिसाद १
साफ असहमत. २०१८ च्या एका अभ्यासात फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या गाठींत अशा कितीतरी सीडी८ (म्हणजे मारेकरी) टी पेशी सापडल्या, ज्या फ्लू किंवा एपस्टाईन-बारसारखे विषाणू ओळखणाऱ्या होत्या. कॅन्सरशी त्यांचं देणंघेणंच नव्हतं. त्यांचा ब्रेक काढून काय होणार? शिवाय सुईने निघतो केवढासा तुकडा! वडिलांच्या वेळी तो ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांनाच पुरला नाही, बायोप्सी पुन्हा करावी लागली. त्यात आणखी एक तपासणी?

धागाकर्ती
पुन्हा सुई टोचून घेणं काय असतं ते मी घरात पाहिलंय, त्यामुळे तो मुद्दा मान्य. पण त्याच अभ्यासात विषाणू ओळखणाऱ्या त्या उपऱ्या पेशींवर सीडी३९ ही खूण (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) नव्हती. म्हणजे नुसती डोकी मोजू नका, ओळख पटवा. माझं म्हणणं तेच आहे.

प्रतिसाद २
टी पेशींवरच का अडलात? काही गाठींत बी पेशींचे (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) लसिकाग्रंथीसारखे पुंजके तयार होतात. ते पक्व असतील तिथे औषध चांगलं लागू पडण्याची शक्यता जास्त दिसते. उलट नियामक टी पेशी आणि काही मॅक्रोफेज (भक्षक पेशी) हल्ला दाबून टाकतात.

प्रतिसाद १
पुंजका नेमका सुईत यायला हवा ना! माझी भीती वेगळी आहे. उद्या 'पेशी कमी दिसल्या' म्हणून कुणाला औषध नाकारलं तर? केमोसोबत दिल्यावर पीडी-एल१ १% पेक्षा कमी असलेल्यांनाही फायदा झालेला आहे. शस्त्रक्रियेत अख्खी गाठ हाती येते, तिथे खुशाल शोधा.

धागाकर्ती
नाकारण्यासाठी नकोच. एकटं औषध पुरेल की सोबत केमो हवी, एवढं ठरवायला तरी उपयोग व्हावा. आणि वेगळा तुकडा कशाला? पीडी-एल१ च्याच काचेवर पॅथॉलॉजिस्टला लिम्फोसाइट (टी, बी वगैरे पांढऱ्या पेशी) यांची गर्दी दिसते, त्यातल्या टी कोणत्या हे त्यावरून कळत नसलं तरी. तिथे एक ओळ लिहायला काय हरकत आहे?