मदत हवी आहे: सुगीच्या सणातल्या लिलावाची उधारी

सर्वांना जय ख्रिस्त. मिरजेजवळच्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सुगीच्या सणाला ज्वारी, हळद, कोंबड्या अर्पण म्हणून येतात, त्यांचा लिलाव होतो. बोली जोरात लागते, पैसे मात्र "पुढच्या रविवारी". वहीत नुसतं नाव आणि आकडा, सही नाही.

दानपेटीचं नीट आहे: उपासना संपताच, मंदिरातच, एका घरातले नसलेले दोघे मोजतात, खजिनदारासह तिघांच्या सह्या होतात, सोमवारी बँकेत भरणा. प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्याने नेली नाही.

उधारीला ही शिस्त कशी लावावी? दोन प्रतींची पावती सुचते. पण एखाद्या विधवेची बाकी भर सभेत वाचणं हे कारभारीपण नव्हे. पंचांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनी, वसुलीला निघण्याआधी स्वतःची बाकी फेडावी, असं मला ठाम वाटतं. तुमच्याकडे कसं करतात?