मणक्यातले पाणी आणि प्रवासातले तास

नवे जैवसूचक (आजाराची चाहूल देणाऱ्या शरीरातल्या खुणा) आले की मुलांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, मेंदूपर्यंत पोहोचणार का हे आधीच कळेल, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. ल्युकेमिया टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) असणे किंवा निदानाच्या वेळी खूप वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांवरून धोक्याचा अंदाज येतो आणि सूक्ष्मदर्शकातून निसटलेल्या पेशी फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून लेझरच्या प्रकाशात ओळखणारी तपासणी) पकडू शकते. परंतु ही तपासणी ज्यावर होते त्या मणक्यातून काढलेल्या पाण्यातल्या (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातल्या) पेशी तासाभरातच नष्ट होऊ लागतात, हा मुद्दा हे मत मांडताना कोणी मांडलेला नाही. माझ्या भाच्याचा नमुना धुळ्याहून मुंबईला गेला तेव्हा त्यात पेशी टिकवणारे द्रव्य घातलेच नव्हते. अहवाल स्वच्छ आला (आम्ही पेढेही वाटले), आणि मुंबईत लगेच तपासलेल्या दुसऱ्या नमुन्यात मात्र कर्करोगाच्या पेशी दिसल्या.