डीबी स्पेक्ट्रम+ आणि काकांच्या कॅसेटी: मशीन सुरू करू की एम्युलेटर वापरू?

मुग्धा_नाशिक:
नमस्कार. माझ्या काकांचा डीबी स्पेक्ट्रम+ हा जुना घरगुती कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आलाय. ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रम+चाच हा भाऊ, आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी १९८६ पासून परवाना घेऊन विकायची. मशीन वरून स्वच्छ आहे, अडॅप्टर हरवलाय. सोबत खोकंभर कॅसेटी. काहींवर काकांच्या अक्षरात ‘लंबक’, ‘भिंग’, ‘नववी निकाल’ असं लिहिलंय. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि वर्गासाठी स्वतः बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहून कॅसेटींवर भरायचे. काका आता नाहीत, मला ते प्रोग्रॅम चालताना बघायचेत. घरी राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर आहे, पिन बरोबर बसते. लावून बघू का? की सरळ लॅपटॉपवर फ्यूज (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर) टाकू?

डागकाम_मिरज:
मुग्धाताई, तो अडॅप्टर लावू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, पण पिनेच्या आत मायनस आणि बाहेर प्लस. राउटरचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. गिटारच्या पेडलचे आत मायनसवालेच असतात, पण त्यांतले बरेचसे फार कमी करंटचे. मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा होता, त्याहून कमी नको. विकत घेतलात तरी आधी मीटर लावून बघा.

पण मशीन नंतर, आधी कॅसेटी. टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. लोक मशीन उराशी धरून आणतात आणि कॅसेटी घरी विसरतात. मशीनचा आयसी (चिप) आजही कुठून तरी मिळतो, काकांचा ‘लंबक’ मात्र त्या एकाच फितीवर आहे.

फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा. बाकीच्यांसाठी चालू स्थितीतला टू-इन-वन घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि आधी नुसतं ऐका. साधारण पाच सेकंद एकसुरी शिट्टी, मग क्षणभर खरखर. त्या खरखरीत १७ बाइटचं हेडर (पुढच्या डेटाची ओळख) असतं, प्रोग्रॅमचं नावही त्यातच, जास्तीत जास्त दहा अक्षरांचं. मग थोडी शांतता, पुन्हा दोनेक सेकंद शिट्टी आणि त्यानंतर खरा माल.

आता हेडशेजारचा बारीक स्क्रू. खरखर सगळ्यात धारदार ऐकू येईपर्यंत तो अगदी थोडा थोडा फिरवा. या खरखरीत डेटातलं ‘शून्य’ साधारण २०४७ हर्ट्झचं असतं आणि ‘एक’ १०२३ हर्ट्झचा. हेड तिरकं बसलं की वरचे सूर आधी दबतात, म्हणजे शून्यंच जातात. काकांचा टेपरेकॉर्डर घरात असेल तर तोच वापरा, ज्या हेडने भरलं त्याच हेडला ते नीट वाचता येतं.

रेकॉर्डिंग वाव फाइलमध्येच करा, ४४१०० हर्ट्झ, मोनो. एमपी३ नको, डॉल्बी (टेपची सरसर दाबणारी सोय) बंद. कुठलंही ‘आवाज स्वच्छ करा’ बटण दाबू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. एक बिट चुकला तरी ‘टेप लोडिंग एरर’ येते आणि सगळं थांबतं. फाइल फ्यूजमध्ये उघडा, ‘J’ ही कळ दाबा (लोड आपोआप उमटतं), दोन अवतरणचिन्हं, एंटर. त्यातून नाही झालं तर फ्यूजच्या जोडीचं ऑडिओ२टेप वापरा.

मशीनबद्दल एकच गोष्ट जपा. खालच्या १६ के मेमरीचे आठ ४११६ आयसी तीन व्होल्टेजवर चालतात: पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५. उणे ५ गायब आणि १२ चालू राहिलं तर आयसी मरतात. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा मीटर हातात ठेवा, आकडा चुकला की लगेच बंद. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याआधीच बदललेले बरे.

लेस्टरकर:
मिरजेच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. मशीन जगलं तर मॉड्युलेटरचं आरएफ (टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत जाणारा सिग्नल) बाजूला काढून कंपोझिट व्हिडिओ (थेट चित्राचा सिग्नल) बाहेर घ्या, चित्र लख्ख येतं. कळा दाबूनही काही उमटत नसेल तर आतलं मेंब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) कडक होऊन तुटलं असेल. इकडे इंग्लंडमध्ये नवीन मिळतं, सांगितलंत तर पाठवतो. डिव्हएमएमसी हे एसडी कार्डाचं जोडउपकरण लावलंत की प्रोग्रॅम एसडी कार्डावरून क्षणात लोड होतात. आणि बोर्ड गेलाच तर हार्लेक्विन हा पर्यायी बोर्ड आहे: ख्रिस स्मिथ यांनी स्पेक्ट्रमच्या यूएलए चिपची पूर्ण उकल केली आणि तीच रचना बाजारातल्या साध्या लॉजिक आयसींवर उभी केली. स्वतः डाग देऊन बांधता येतो.

मुग्धा_नाशिक:
‘लंबक’ लोड झाला! काकांचाच जुना टेपरेकॉर्डर वापरला. दोरीची लांबी विचारतो आणि झोका काढून दाखवतो. लिस्ट (प्रोग्रॅमच्या ओळी) काढली तर प्रत्येक भागावर रेम (बेसिकमधली टिपेची आज्ञा) टाकून त्यांनी मराठीत टिपा लिहिल्यात, रोमन अक्षरांत. ‘भिंग’ मात्र मध्येच एरर देतो.

डागकाम_मिरज:
वा! ती लिस्ट आजच छापून ठेवा. ‘भिंग’साठी स्टिरिओ डेक शोधा आणि डावा-उजवा चॅनल वेगवेगळा भरा. फितीची एक कड खराब झाली असली तरी दुसऱ्या चॅनलमध्ये डेटा शाबूत सापडतो. तरीही अडलं तर कॅसेटची दुसरी बाजू तपासा, तेव्हा बरेच जण दोन्ही बाजूंना तोच प्रोग्रॅम भरून ठेवत. तेही नसेल तर वाव फाइल मला पाठवा, कुठल्या बाइटला तुटतंय ते बघतो.