बाळगुटीतलं अतिविष: ठेवायचं की बंद करायचं?

नाशिकची लेक:
बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं आहे, दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन जे रडायला लागतं ते थांबतच नाही. आईने गुटीचा डबा आणि सहाण काढली, तर बालरोगवाले डॉक्टर म्हणाले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. घरात दोन पार्ट्या पडल्यात. माझं मत असं की बाकीची गुटी नको तर नको पण अतिविष तरी ठेवा, कडू मुळी आहे, पचनाला चांगली, आईच्या दुधात एक वेढा उगाळला तर काय बिघडतं? आपण सगळे त्यावरच वाढलो. विरोध करायचा तर कारण द्या, नुसतं अंधश्रद्धा म्हणून जाऊ नका.

बालरोग_मिरज:
कारण देतो. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. गुटीही नेमकी त्याच काळात चालू असते, म्हणून श्रेय गुटीला जातं. दुसरं म्हणजे ती सहाण. चंदन, हळकुंड, सुंठ सगळं त्याच दगडावर, वर नळाचं पाणी, आणि नंतर त्याच बाळाला जुलाब लागले की आमच्याकडे. अंगावरच्या दुधाचा नियम जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, माझ्या मनाचा नाही.

सहाण-खोड:
डॉक्टर, सहाण घाण असेल तर सहाण धुवा ना, मुळीवर का राग? आमच्याकडे प्रत्येक जिन्नस धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मगच डब्यात जातो आणि उगाळायला उकळून गार केलेलं पाणी. वेढे ठरलेले, अतिविषाचा एक, मुरुडशेंगेचा एक, बास. बाळंतिणीला शेजारी बसवून शिकवायचं असतं हे. हल्ली दुकानातून तयार गुटीची बाटली आणतात त्यात काय आणि किती ते कुणालाच माहीत नसतं, त्याला विरोध करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

वैद्य, सांगली:
मी आयुर्वेदवालाच आहे तरी नाशिकच्या ताईंशी सहमत नाही. अतिविष उत्तम औषध, अतिसार-तापात मी स्वतः देतो, बालचतुर्भद्र चूर्णात नागरमोथा, पिंपळी, काकडशिंगीबरोबर तेच असतं. पण औषध म्हणजे लक्षण बघून, वय-वजन बघून द्यायचं, निरोगी बाळाला रोज चाटवायचं नाही. आणि मुळी खरी आहे हे कोण बघतंय? अतिविष आणि बचनाग एकाच कुळातले, अतिविष बिनविषारी, बचनाग जहाल. अतिविष मोडलं की आत पांढरंशुभ्र दिसतं, पण नुसतं तेवढ्यावर ओळख पटत नाही आणि ओळखायला म्हणून जिभेवर तर अजिबात ठेवू नका. हिमालयात उंचावर मिळणारी, उपटून उपटून दुर्मिळ झालेली मुळी, भाव प्रचंड, मग भेसळ होणारच.

जर्सीतली आत्या:
गुटीतल्या वेखंडाचंही बोला कुणीतरी. इथे अमेरिकेत ते खाण्याच्या पदार्थांत घालायला 1968 पासून बंदी आहे, त्यातल्या असारोन नावाच्या घातक घटकामुळे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक आजीच्या बॅगेत मात्र वेखंडाचा तुकडा असतोच. कपाटात ठेवा, बाळाच्या तोंडात नको.

नाशिकची लेक:
वैद्यांचा भेसळीचा मुद्दा पटला, ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडूनही आता आणणार नाही. पण डॉक्टर, रात्री दोन वाजता बाळ आकांत करतं तेव्हा बाळंतिणीला नुसतं आपोआप थांबेल म्हणून भागत नाही. आईच्या पिढीकडे निदान हाताने करण्यासारखं काहीतरी होतं, तुम्ही ते काढून घेताय तर बदल्यात काय देताय?

बालरोग_मिरज:
प्रश्न रास्त आहे आणि आमच्या ओपीडीत याला वेळ दिला जात नाही हेही खरं. बाळ स्तनाला नीट लागतंय का ते कुणा जाणत्या नर्सकडून बघून घ्या, प्रत्येक पाजण्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, रडायला लागलं की उघड्या छातीशी घेऊन अंधाऱ्या खोलीत फिरा. आजीला हेच काम द्या, बाळंतीण तेवढी झोपेल. हिरवी उलटी, ताप, शीमधून रक्त, पोट टणक फुगलेलं किंवा दूधच ओढत नाही, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

सहाण-खोड:
छातीशी घेऊन फिरायचं आम्ही गुटी देऊनही करतच होतो हो. सहा महिन्यांनंतर तरी वैद्यांना विचारून अतिविष देता येईल की नाही तेवढं स्पष्ट सांगा.

वैद्य, सांगली:
येईल. पोट बिघडलं असेल तेव्हा, तपासून, मोजके दिवस. रोजचा रतीब नाही.